मोनोमर ९९ टक्के, मग डीएलएसमध्ये तो दुसरा डोंगर कुठून आला?

आधी प्रश्न काय आहे ते इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. विचारणारी व्यक्ती एका बायोसिमिलर अँटीबॉडीवर, म्हणजे आधीच्या जैविक औषधाच्या सारख्या आवृत्तीवर, काम करते, क्यूसीमधलं, म्हणजे दर्जा तपासणीतलं, दुसरंच वर्ष आहे. एकाच बॅचचा नमुना तीन तऱ्हांनी मोजला. साइझ एक्सक्लूजन कॉलमवर, म्हणजे एसईसीवर, यूव्हीने, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून, मोनोमर, म्हणजे सुटा एकेकटा रेणू, ९८.९ टक्के दाखवला. त्याच कॉलमच्या स्टँडर्डांवरून, म्हणजे वस्तुमान माहीत असलेल्या प्रोटीनांवरून, त्या मोनोमरचं वस्तुमान १३० किलोडाल्टन निघालं, तर पुढे जोडलेल्या मॅल्स डिटेक्टरने, म्हणजे अनेक कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरने, १५६ सांगितलं. अपेक्षित आकडा १४८ आहे. आणि डीएलएसने, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या लुकलुकीवरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्राने, ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या पीकशेजारी (पीक म्हणजे आलेखातला डोंगर) ५० नॅनोमीटरच्या आसपास दुसरा पीक दाखवला, तोही जवळपास तेवढाच मोठा. वरिष्ठांचं म्हणणं, यातला एक आकडा धरा आणि रिपोर्ट काढा. प्रश्न असा: "कोणता खरा मानू?"

माझं उत्तर असं की ९८.९ टक्के आणि डीएलएसचा तो डोंगर एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि बहुधा आहेतही. प्रत्येक यंत्र तुम्हाला वेगळ्या गोष्टीचं उत्तर देतंय. त्यामुळे निवड करायच्या आधी एक हिशेब लागतो, तो तुमच्या प्रश्नात कुठेच दिसला नाही: कॉलममध्ये जितकं प्रोटीन घातलं, तितकं बाहेर आलं का? मी एकोणीस वर्षं हे काम करते आहे, त्यातली शेवटची आठ नागपुरात, आणि ज्या ज्या वेळी हे आकडे एकमेकांशी भांडले त्या बहुतेक वेळा भांडण याच हिशेबापाशी मिटलं. तुमचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे कॉलममधून काय केव्हा बाहेर आलं त्याचा आलेख, मी पाहिलेला नाही. कॉलम कोणता, मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात, मीठ किती, नमुन्यात साखर आणि पॉलिसॉर्बेट आहे का, डीएलएससाठी डायल्यूट केला होता का, यावर बरंच अवलंबून आहे. जिथे अवलंबून आहे तिथे तसं सांगेन.

१३० पासून सुरू करते, कारण तो आकडा सगळ्यात लवकर निकालात निघतो. एसईसीचा कॉलम वजन मोजत नाही. कॉलमच्या मण्यांना बारीक छिद्रं असतात. लहान रेणू छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठे रेणू बाहेरच्या बाहेर निघून जातात, म्हणून मोठे आधी येतात. म्हणजे ठरतं काय, तर द्रावणात फिरताना रेणू किती जागा व्यापतो ते. थायरोग्लोब्युलिन ६७०, गॅमा ग्लोब्युलिन १५८, ओव्हाल्ब्युमिन ४४, मायोग्लोबिन १७ किलोडाल्टन अशी स्टँडर्ड लावून आपण रेघ काढतो आणि तिच्यावरून वस्तुमान वाचतो. पण ते वाचन तेव्हाच चालतं जेव्हा तुमचा रेणू त्या स्टँडर्डांसारखाच घट्ट गोळा असेल आणि कॉलमला चिकटत नसेल. एरिथ्रोपोएटिनचं उदाहरण घ्या. त्याचं खरं वस्तुमान साधारण ३० किलोडाल्टन, त्यातला जवळजवळ ४० टक्के भाग साखरेच्या साखळ्यांचा. त्या साखळ्या पाण्यात पसरतात, त्यामुळे कॉलमवर ते आपल्या वजनाच्या मानाने कितीतरी आधी येतं आणि रेघेवरून वाचलं तर भलतंच मोठं वाटतं.

तुमच्या बाबतीत उलट झालंय. अँटीबॉडी उशिरा आली, म्हणून लहान वाटली. उशिरा येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती सिलिकाच्या पृष्ठभागाला किंचित चिकटते आहे. मीठ कमी असेल तर विद्युतभारामुळे, जास्त असेल तर हायड्रोफोबिक ओढीमुळे. हे तपासायला अर्धा दिवस पुरतो. तोच नमुना सोडियम क्लोराइड १०० मिलिमोलर, २०० आणि ३०० असं बदलून चालवा. वेळ सरकली, शेपटी बदलली, तर चिकटणं आहे असं समजा. २०० मिलिमोलर आर्जिनीन घालून पीक सुबक झाला तर मग शंकाच नको. आणि हे लक्षात ठेवा की मोनोमर चिकटतोय तर ॲग्रिगेट, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या रेणूंचा गोळा, त्याहून जास्त चिकटणार, कारण त्याच्या अंगावर चिकटायला जागा जास्त. मला खरी काळजी १३० या आकड्याची नाही, त्याच्यामागच्या या चिकटण्याची वाटते.

आता मॅल्स. इथे नागपूरकरांना एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सी. व्ही. रमण १९१० च्या सुमारास काही काळ अर्थखात्याच्या नोकरीत नागपुरात होते. गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. १९२८ साली त्यांनी शोधला तो विखुरताना रंग बदलणारा प्रकाश. आपण मॅल्समध्ये मोजतो तो त्याच्याआधी रॅलेने समजावलेला, रंग न बदलता विखुरलेला. आकाश ज्यामुळे निळं दिसतं तोच. शाळेच्या सहलीत तिथे गेलेली मुलं पुढे लॅबमध्ये आली की मी त्यांना हे आवर्जून सांगते, कारण त्यांना विखुरणं म्हणजे काय हे एकदा डोळ्यांनी दिसलेलं असतं.

मॅल्सचं गणित शब्दांत असं: विखुरलेला प्रकाश हा वस्तुमान, सांद्रता आणि डीएन/डीसीचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. डीएन/डीसी म्हणजे सांद्रता वाढली की द्रावणाचा अपवर्तनांक किती वाढतो ते. बहुतेक प्रोटीनांसाठी ०.१८५ मिली प्रति ग्रॅम धरतात. प्रकाश डिटेक्टरने मोजला, डीएन/डीसी माहीत आहे, सांद्रता यूव्ही किंवा आरआय, म्हणजे अपवर्तनांक मोजणाऱ्या, डिटेक्टरने दिली, की वस्तुमान उरतं. इथे स्टँडर्डची रेघ लागत नाही, रेणू केव्हा आला याच्याशी देणंघेणं नाही, तो चिकटत चिकटत उशिरा आला तरी वस्तुमान तेच निघतं. म्हणून १३० आणि १५६ मध्ये वाद असेल तर मी डोळे मिटून १५६ च्या बाजूला उभी राहीन.

पण १४८ च्या जागी १५६ का? फरक साडेपाच टक्क्यांचा आहे. चांगल्या बसवलेल्या यंत्रणेत अँटीबॉडीसाठी दोन-तीन टक्क्यांच्या आत यायला हवं, म्हणून हा फरक सोडून देऊ नका. पहिल्यांदा सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टिंक्शन कोएफिशंट, म्हणजे ठरावीक सांद्रतेला प्रोटीन किती यूव्ही शोषतं तो आकडा, किती टाकलाय ते बघा. अँटीबॉडीसाठी लोक सरसकट १.४ धरतात, पण खरा आकडा प्रत्येक अँटीबॉडीत ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि डायसल्फाइड किती आहेत त्यावर ठरतो. समजा तुमचा खरा १.४० आहे आणि आधीच्या प्रोजेक्टमधून १.४८ तसाच राहिलाय. मग सांद्रता सुमारे साडेपाच टक्के कमी दिसेल, आणि वस्तुमान तितकंच फुगून १५६ येईल. तुमचा आकडा पाहिल्यावर मला पहिला संशय हाच आला. पडताळायला सांद्रता यूव्हीऐवजी आरआयवरून काढून तोच रन पुन्हा प्रोसेस करा. १४८ च्या जवळ आलं तर दोष कोएफिशंटचा.

ते नसेल तर बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन चालवा. त्याचा मोनोमर ६६.४ आणि डायमर, म्हणजे दोन रेणूंची जोडी, १३२.८ किलोडाल्टन यायला पाहिजे. मोनोमरच फुगलेला आला तर गडबड यंत्राच्या कॅलिब्रेशनमध्ये. याच रनवर डिटेक्टरांचं नॉर्मलायझेशन करायचं, म्हणजे वेगवेगळ्या कोनांचे डिटेक्टर एकमेकांशी जुळवून घ्यायचे, आणि दोन डिटेक्टरांमधलं अंतर, त्या अंतरात पीक जितका पसरतो तो पसारा, हेही इथेच दुरुस्त करायचं. हे न केल्याची खूण सोपी आहे: पीकवरची वस्तुमानाची रेघ आडवी न राहता कडांना वर वळते किंवा खाली झुकते. तुमच्या मोनोमरवर ती रेघ आडवी आहे का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी तो आलेख आधी बघा, सरासरी आकडा नंतर.

आता ज्यामुळे तुमची झोप उडाली असेल तो डीएलएसचा दुसरा डोंगर. डीएलएस विखुरलेल्या प्रकाशाची लुकलुक किती झटपट बदलते ते बघतं, त्यावरून रेणू किती वेगाने भटकतोय ते काढतं, आणि स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्रातून त्रिज्या देतं. अडचण अशी की लहान कणाने विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो. ५ नॅनोमीटरचा रेणू आणि ५० नॅनोमीटरचा गोळा यांत एकास दहा लाखांचा फरक. तो गोळा घट्ट असेल तर वजनाला हजार रेणूंइतका, म्हणजे वजनामागे प्रकाश हजारपट. याचा अर्थ असा की तुमच्या नमुन्यात अशा गोळ्यांचं वजन एकूण प्रोटीनच्या अवघं ०.१ टक्का असलं तरी डीएलएसमध्ये त्याचा पीक मोनोमरच्या तोडीस तोड दिसेल. हा हिशेब ढोबळ आहे, खरे ॲग्रिगेट विरळ आणि वेडेवाकडे असतात. पण ९८.९ टक्के मोनोमर आणि डीएलएसमधला तो डोंगर यांत विसंगती नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. म्हणूनच डीएलएसच्या आकड्यावरून शुद्धतेची टक्केवारी कधीही लिहू नका. आणि डायमर शोधायलाही ते वापरू नका. दोन आकारांत साधारण तिप्पट फरक असल्याशिवाय ते दोन पीक वेगळे करू शकत नाही. मोनोमर आणि डायमर त्यात एकाच पीकखाली झाकले जातात.

हा डोंगर खरा आहे की धूळ? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरच्या वाऱ्याबरोबर जी बारीक धूळ खोलीभर फिरते, ती क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना भरायच्या छोट्या पारदर्शक पात्रात, पडली की असेच डोंगर उभे राहतात. नुसता बफर ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून मोजा. नमुना तीन वेगवेगळ्या क्युव्हेटमध्ये भरून मोजा. धूळ प्रत्येक वेळी जागा आणि उंची बदलते, खरा ॲग्रिगेट तसाच राहतो. फॉर्म्युलेशनमध्ये सुक्रोज असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची व्हिस्कॉसिटी ठेवू नका. १० टक्के सुक्रोजचं द्रावण २० अंशांना पाण्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त घट्ट असतं, आणि तितक्याच प्रमाणात तुमचा ५ नॅनोमीटरचा मोनोमर साडेसहाचा वाटायला लागतो.

आता मूळ मुद्दा. एसईसीची टक्केवारी म्हणजे बाहेर आलेल्या सगळ्या पीकांच्या बेरजेत मोनोमरचा वाटा. जे बाहेर आलंच नाही ते त्या भागाकारात नाही. ५० नॅनोमीटरचे आणि त्याहून मोठे गोळे कॉलमच्या तोंडाच्या फ्रिटवर, म्हणजे गाळणीसारख्या चकतीवर, अडकू शकतात, मण्यांना चिकटू शकतात. शिवाय नमुना कॉलममधून जाताना दहा-वीसपट पातळ होतो, त्यामुळे हलक्या हाताने धरलेले जोड वाटेत सुटतात आणि मोनोमर म्हणून मोजले जातात. इंजेक्शनच्या आधी ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावला असेल तर त्याहून मोठ्या गोळ्यांचा पुरावा तिथेच फेकला गेला.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे बाहेरगावाहून एका अँटीबॉडीच्या सहा व्हायल आल्या. नागपूर म्हटल्यावर पाठवणाऱ्यांनी ४५ अंशांचा धसका घेतला असावा. थर्मोकोलच्या खोक्यात फ्रीझरमधून थेट काढलेले जेलपॅक चारही बाजूंनी ठासून भरले होते, आणि कडेच्या दोन व्हायल त्यांना अगदी खेटून होत्या. वाटेतलं तापमान नोंदणारा लॉगर बघितला तर कमाल ७ अंश. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. किमान किती ते कुणी वाचलंच नाही. ते उणे ३ होतं.

सहाही व्हायलचे रन झाले. यूव्हीचे आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसावी इतके सारखे, मोनोमर ९९.१ ते ९९.३. रिपोर्टची प्रिंट निघायच्या बेतात होती. मग ९० अंशांच्या कोनातल्या स्कॅटरिंगचा, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा, आलेख उघडला, तर त्या दोन व्हायलमध्ये अकराव्या मिनिटाला, जिथे मण्यांच्या छिद्रांत न शिरता बाहेरच्या बाहेर निघून जाणारे सगळ्यात मोठे कण येतात, तिथे सरळ उभा सुळका. त्याखाली यूव्ही जवळजवळ सपाट. आम्ही त्यातली एक व्हायल काळ्या कागदासमोर धरून हलकेच फिरवली. द्रावण स्वच्छच वाटत होतं, पण दिव्याच्या झोतात रेशमाच्या धाग्यासारखी एक पुसट वेलांटी फिरून विरून गेली. ती मी अजून विसरलेले नाही. पाठवणाऱ्यांना सगळी भीती उन्हाची होती, आणि नमुना बिघडला तो गोठून. नंतर कॉलम काढून हिशेब केला, तेव्हा त्या दोन व्हायलमधलं जवळजवळ चार टक्के प्रोटीन कॉलममधून बाहेरच आलं नव्हतं. ९९.२ टक्के हा आकडा उरलेल्या ९६ चा होता.

तो हिशेब कसा करायचा ते सांगते, कारण तुम्ही सोमवारी पहिलं काम हेच करावं असं मला वाटतं. नमुना फिल्टर न करता, अमुक इतकेच मायक्रोग्रॅम, समजा १००, इंजेक्ट करा आणि सगळ्या पीकांचं यूव्हीचं एकूण क्षेत्रफळ लिहून ठेवा. मग कॉलम काढा, त्याच्या जागी युनियन, म्हणजे दोन नळ्या थेट जोडणारा तुकडा, जोडा, तेवढंच पुन्हा इंजेक्ट करा. दोन क्षेत्रफळांचा भागाकार म्हणजे तुमची रिकव्हरी. युनियनच्या रनला पीक अगदी अरुंद आणि उंच येतो, म्हणून डिटेक्टर सॅच्युरेट होणार नाही एवढीच सांद्रता ठेवा. मोठे कण स्वतःच प्रकाश विखरून यूव्ही फुगवतात, त्यामुळे २८० सोबत ३२० नॅनोमीटरलाही बघा. तिथे प्रोटीन काही शोषत नाही, जे दिसतं ते विखुरणं. रिकव्हरी ९५ च्या खाली आली तर मला शुद्धतेचा आकडा ऐकायचाच नसतो, आधी मोबाइल फेज सुधारा. ९८-९९ आली, तर डीएलएसचा डोंगर वजनाने नगण्य आहे असं म्हणायला तुमच्याकडे आधार तयार झाला.

त्याच वेळी मॅल्सचा आलेख अकराव्या-बाराव्या मिनिटापाशी मोठा करून बघा. ७.८ बाय ३०० मिलिमीटरचा कॉलम आणि मिनिटाला अर्धा मिली प्रवाह असेल तर हीच ती जागा, तुमचा मोनोमर साधारण सोळा-सतरा मिनिटांना येत असेल. सुळका दिसला तरी लगेच निष्कर्ष नको. नुसता बफर इंजेक्ट करा. नवा कॉलम मण्यांचे बारीक तुकडे सोडतो, त्याला रात्रभर प्रवाहावर ठेवावं लागतं. उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत पंप थांबला, की पुन्हा सुरू करताना दाबाच्या धक्क्याने तुकडे सुटतात आणि पुढचे काही तास स्कॅटरिंगची बेसलाइन काटेरी होते. आमच्याकडे अशा वेळचे रन वापरत नाही, कितीही घाई असली तरी.

रिपोर्टबद्दल वरिष्ठांना काय सांगायचं? शुद्धता म्हणून एसईसी-यूव्हीचा ९८.९ द्या, पद्धतीचं नाव आणि रिकव्हरी सोबत लिहून. बॅच सोडण्याची चाचणी तीच आहे, स्पेसिफिकेशनही तिच्यावरच ठरलेलं असतं. वस्तुमान म्हणून मॅल्सचा आकडा द्या, कोएफिशंट दुरुस्त केल्यावर. १३० कुठेही लिहू नका. डीएलएसचं निरीक्षण शब्दांत नोंदवा: मोठ्या कणांचा अंश दिसला, वजनाने इतक्याच्या आत. आणि तो डोंगर खरा ठरला, तर सेडिमेंटेशन व्हेलॉसिटी अल्ट्रासेंट्रिफ्यूज किंवा फील्ड फ्लो फ्रॅक्शनेशन जिथे असेल तिथे एक नमुना पाठवा, कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या या पद्धतींत कॉलमचे मणी नसतात. त्याहून मोठ्या कणांसाठी लाइट ऑब्स्क्युरेशनची, म्हणजे कणाने अडवलेल्या प्रकाशावरून कण मोजायची, चाचणी वेगळी आहेच. १०० मिलीपर्यंतच्या इंजेक्शनमध्ये दर कंटेनरला १० मायक्रॉन आणि त्यावरचे ६०००, २५ आणि त्यावरचे ६०० ही तिची मर्यादा. पण ५० नॅनोमीटरचा गोळा तिला दिसतही नाही.

एवढ्या खटाटोपाचं कारण एकदा स्पष्ट लिहिते. १९९८ मध्ये एरिथ्रोपोएटिनच्या एका उत्पादनातून ह्यूमन सीरम अल्ब्युमिन काढून त्याजागी पॉलिसॉर्बेट ८० घातलं गेलं. त्यानंतरच्या काही वर्षांत ते घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये प्युअर रेड सेल अप्लासियाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शरीराने औषधाविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही उलटल्या, आणि त्यांचं रक्त तयार होणं थांबलं. रबराच्या बुचांतून झिरपलेले पदार्थ, प्रोटीनचे ॲग्रिगेट, अशी अनेक कारणं मांडली गेली, वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ॲग्रिगेट शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चिथावू शकतात, ही शंका तेव्हापासून आमच्या प्रत्येक आलेखाशेजारी बसलेली असते. ती सुई ज्याच्या हातात टोचली जाते तो माणूस आपला क्रोमॅटोग्राम कधी बघत नाही.

आधी युनियनचा रन करा. मग आरआयवरून वस्तुमान पुन्हा काढा, मग तीन क्युव्हेट. मिठाचे तीन रन दुसऱ्या दिवशी केले तरी चालतील. रिकव्हरीचा आकडा आणि अकराव्या मिनिटाजवळचा स्कॅटरिंगचा आलेख इथे टाका, तो बघून पुढचं सांगते.